घड्याळाखालचा डबा

३ डिसेंबर. जवसाची चटणी कुटायची आहे. उद्या सकाळी सुनंदाताई हैदराबादहून नागपूरला जाते आहे. तिची गाडी चंद्रपूरला दोन मिनिटं थांबते आणि त्या दोन मिनिटांत मला तिचा डबा शोधून आपला डबा तिच्या हातात द्यायचा आहे. ताई म्हणते, गाडीत आता सगळं मिळतं, तू ऊर्जानगरहून स्कूटर दामटत येऊ नको. मिळत असेल सगळं. पण नात्यातलं माणूस चंद्रपूरवरून गाडीनं जातंय आणि आपण डबा न देता घरी बसलोय, हे मला जमायचं नाही. जवस भाजून परातीत गार करायला ठेवले आहेत. ते गार होईपर्यंत, ताईच्या लग्नाच्या बोलणीचं काय झालं ते एकदाचं लिहून टाकते. चाळीस वर्षं घरात ते चुकीचं सांगितलं जातंय, आणि त्यातली निम्मी चूक माझ्यामुळे आहे.

आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो, स्टेशनपासून दोनशे पावलांवर. बाबा तिकीट खिडकीवर होते. त्यांचं अक्षर गोल आणि ठसठशीत, म्हणून दारातल्या काळ्या फळ्यावर कोणती गाडी किती उशिरा हे खडूनं लिहायचं कामही त्यांच्याकडेच आलं होतं. स्टेशनावर त्यांचा फार जीव. कोळसा आणि सागवान न्यायला साहेब लोकांनी रूळ आणले, माणसं नंतर बसायला लागली, हे ते इतक्या वेळा सांगायचे की आमची शेळीसुद्धा त्या वाक्याला उठून चालू लागे. पाटीवर चंद्रपूर लिहून बरीच वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं खिडकीत हात घालून ‘चांद्यावरून नागपूर, दोन’ असंच मागायची. प्लॅटफॉर्मवर आलापल्लीच्या सागवानाचा एक बाक होता. तो एवढा जड होता की रंगवताना हलवायला नको म्हणून मागच्या बाजूनं कधी रंगवलाच नाही. नागभीडकडच्या छोट्या गाडीचं स्टेशन वेगळं होतं, गावाच्या दुसऱ्या अंगाला. त्याला आम्ही मोठ्या स्टेशनची पोरं जरा खालचं समजायचो. कशाच्या जोरावर, ते आता सांगता येणार नाही.

खरं तर ते स्टेशन एका गावाचं नव्हतंच. पार सिरोंच्यापासूनची माणसं एस.टी.नं दिवसभर धक्के खात यायची आणि त्यांच्या मुलखाचा रस्ता आमच्या पायऱ्यांशी संपायचा. गाठोडी, कोंबड्या, मोहफुलांची पोती, दवाखान्याचे कागद जपून छातीशी धरलेले. कुणाला गोंडी बोलता यायची, कुणाला तेलुगू, आणि गाडी किती वाजता हे सगळ्यांनाच विचारायचं असायचं. फळा वाचता येणारे थोडे, म्हणून मी वाचून दाखवायची. तेरा वर्षांची मी, दोन वेण्या, आणि फळ्याजवळ उभं राहिलं की मोठी माणसं आपलं ऐकतात हे मला लवकर कळलं होतं.

घरातलं सगळं काम गाड्यांवर चालायचं. आईकडे घड्याळ नव्हतं आणि तिला ते लागायचंही नाही. दक्षिणेकडची मेल गेली की भात चुलीवर, बांबूची मालगाडी खडखडत गेली की डाळीला फोडणी. राजन्नाभाऊ नावाचे पॉइंट्समन लोंबत्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांड्यानं टोल द्यायचे. टोल फक्त माणसांच्या गाडीला, मालगाडीला नाही. इंजिनाच्या शिटीवरून आई आतला ड्रायव्हर ओळखायची. एखादा नवीन असला तर म्हणायची, ‘हा कोन व आज, गळा बसल्यासारखा?’ कोळशाची भुकटी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, आणि आमच्या पांढऱ्या गणवेशाला शाळेत ‘रेल्वे कलर’ म्हणायचे.

डबा नेण्याची पद्धत तेव्हाही होती. उलट तेव्हा गाड्या निवांत थांबायच्या. सकाळची नागपूरची पॅसेंजर तर अर्धा तास बाजूच्या लाइनीवर उभी राहायची, मागून मेल पुढे जाऊ द्यायला. त्या अर्ध्या तासात चंद्रपूरकरांनी काय काय उरकलं असेल. भांडणं मिटवली, बाळं दाखवली, मुलीही दाखवल्या. हो, मुली. वरपक्ष गाडीनं कुठे जात असला की पत्र यायचं: अमक्या दिवशी पॅसेंजरनं जातोय, मुलगी स्टेशनवर आणा. मुलीनं प्लॅटफॉर्मवरच्या मोठ्या घड्याळाखाली उभं राहायचं, हातात डबा धरायचा. तीच खूण. मग ती मंडळी खाली उतरायची किंवा खिडकीतूनच बघायची, नाव विचारायची आणि डबा ठेवून घ्यायची. पुढे चार-आठ दिवसांत तो डबा परत यायचा. रिकामा घासून आला तर नकार. लाडू भरून आला तर होकार. बोलण्यात कुणाला वाईट वाटायला नको म्हणून डब्याकडून बोलवून घ्यायचं, अशी ती सोय होती. मला ती आजही बरी वाटते. हल्ली नकार मोबाइलवर येतो आणि त्याखाली हात जोडलेलं चित्र असतं.

ताई तेव्हा एकोणीसची. तिला गडचिरोलीच्या अध्यापक विद्यालयाचं प्रवेशाचं पत्र आलं होतं. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. ते पत्र ती उशीच्या अभ्र्यात ठेवायची आणि रोज काढून वाचायची, जणू मजकूर बदलला असेल. बाबा ‘पाहू’ म्हणाले होते. आमच्या घरात ‘पाहू’चा अर्थ, कोणी जोरात ओढेल तिकडे जाऊ, असा होता. आणि जोरात ओढणारी वरोऱ्याची आत्या ट्रंक घेऊन हजर झाली. बाबांची मोठी बहीण. तिनं सिरपूरकडचं स्थळ आणलं होतं. मुलगा गिरणीत सुपरवायझर, एकुलता एक, आईवडिलांसोबत कुणाच्या तरी लग्नाला नागपूरला चाललेला. रविवारी पॅसेंजरनं. पसंती आली की वैशाखात लग्न, आणि विद्यालयाचं पत्र चुलीत. आत्यानं हे मोठ्यानं सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, ‘मास्तरीन करून काय करता, पोरीचं? जंगलात शिकवाले जाईन अन् वाघ पाहून येईन.’

आईनं शनिवारी सांबारवड्यांचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचं, सारण केलं. ताई अंगणात भांडी घासताना माझ्याजवळ एवढंच पुटपुटली, ‘त्या गाडीले उद्या कोनी चुकवलं तर बरं होईन.’

मी आज्ञाधारक मुलगी होते. ही आज्ञा आहे असंच मी धरलं.

गाडी चुकवणं माझ्या हातात नव्हतं, पण फळा होता. रविवारी सकाळी बाबांचा चहा घेऊन गेले. खिडकीपुढे रांग लागली होती, बाबा मान खाली घालून तिकिटं ठोकत होते. खडू तंबाखूच्या रिकाम्या डबीत असायचा. मी दारात आले आणि नागपूर पॅसेंजरपुढच्या ‘वेळेवर’वरून फ्रॉक फिरवून बाबांच्याच गोल अक्षरात लिहिलं: दोन तास उशिरा. बाबांच्या अक्षराचा सराव मला होता, प्रगतिपुस्तकावर सही करायला मी तो केला होता. लिहून वळते तर पायरीवर आलापल्लीकडचं एक म्हातारं जोडपं, गाठोडं मांडीवर घेऊन. म्हाताऱ्यानं मलाच विचारलं, ‘बाई, गाडी कवा येते?’ आता त्यांना खोटं सांगावं तर ते चहाला जाणार आणि गाडी हुकणार. मी खाली वाकून म्हटलं, ‘आत्ताच येऊन राह्यली. आत जाऊन त्या बाकावर बसा, अन् कोनी काही सांगितलं तरी उठू नका.’ ते लगेच उठून आत गेले. कुणी एवढ्या गंभीरपणे गाडीची वेळ सांगितल्याचं त्यांना बरं वाटलं असावं.

थोड्या वेळानं आत्या आली. मागे आई आणि आईमागे ताई, हातात चार पुडाचा डबा. आत्या फळ्यापुढे थांबली. तिला वाचता येत होतं आणि लिहिलेल्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. दोन तास मुलीला उन्हात उभं करून तिचा रंग घालवायचा नाही, असं ठरवून ती सगळ्यांना घरी घेऊन परतली. बाबांना विचारून येऊ का, असं आई म्हणाली, तर आत्या म्हणाली, त्यानंच तर लिहिलं आहे.

घरी येऊन जेमतेम पाटावर बसलो असू, तेवढ्यात टोल पडले. राजन्नाभाऊंचे टोल, सावकाश, एकेक मोजून दिलेले. पाठोपाठ शिटी, आणि मग गाडी लाइन बदलताना होतो तो खडखडाट. आत्यानं कान टवकारले. ‘ही कोनती व?’

मी तोंड उघडलं होतं, पण माझ्या आधी आई बोलली. चुलीकडून मान न वळवता, सांबारवडी तेलात सोडता सोडता ती म्हणाली, ‘मालगाडी आहे.’

मी आईकडे पाहिलं. मालगाडीला टोल नसतो, हे तिच्याहून चांगलं त्या वसाहतीत कुणालाही ठाऊक नव्हतं. शिटीही नेहमीच्या ड्रायव्हरची, तिच्या ओळखीची. ताईनं मान खाली घातली आणि तांदूळ निवडायला घेतले, जे आदल्या दिवशीच निवडून झाले होते. त्या खोलीत चार बायका होत्या आणि पॅसेंजर आली आहे हे त्यातल्या तिघींना कळलं होतं. चौथी सांबारवडी कशी झाली ते बघत होती. दोन खाऊन म्हणाली, मीठ जरा कमी आहे.

अर्ध्या तासानं मेल धडधडत गेली आणि मग पॅसेंजरही सुटली. आत्या वेणी घालून घेत होती.

पुढचं बाबांच्या खिडकीपुढे घडलं. दोन तासांनी आत्या वरात घेऊन पोचली, तेव्हा प्लॅटफॉर्मवर एक कुत्रं आणि झाडूवाली सोडून कुणी नव्हतं. आत्यानं फळ्याकडे बोट केलं, तर तो पुसलेला. रांग संपल्यावर बाबांनीच पुसला होता. बाबांनी एकदा आत्याकडे पाहिलं, मग माझ्या फ्रॉककडे. निळ्या फ्रॉकवर खडूचा हातभर पट्टा होता. मी एवढी हुशार, पण झटकायचं राहिलं होतं. बाबा चष्मा पुसत म्हणाले, ‘चूक झाली असंन माझ्या हातून.’ त्या दिवसापासून त्यांनी खडू डबीत ठेवणं बंद केलं. तो शर्टाच्या खिशात असायचा, आणि रिटायर होईपर्यंत त्यांचा एक खिसा आतून पांढरा होता. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. प्रगतिपुस्तकावर मात्र पुढच्या वेळी त्यांनी स्वतः शाळेत येऊन सही केली.

आत्या नागपूरला माफीचं पत्र लिहायला बसली, पण पत्ता तिच्याकडे सिरपूरचा. इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. मुलगी दिसली नाही, मंडळी रागावली असणार, विषय संपला. मी चार दिवस फार रुबाबात वावरले.

पाचव्या दिवशी बाबा रात्री जेवायला आले ते एक डबा घेऊन. सिरपूरची मंडळी परतताना पॅसेंजरच्या गार्डच्या हाती तो ठेवून गेली होती, सोबत चिठ्ठी. डबा तीन पुडाचा. उघडला, तर वरच्या पुडात बेसनाचे लाडू गच्च. चिठ्ठी बाबांनी वाचली. मुलगी पसंत आहे. घड्याळाखाली शांतपणे उभी होती, गडबड गोंधळ नाही. आंबाडीची भाजी उत्तम, आणि जवसाची चटणी तर अशी की मुलाच्या वडिलांनी वर्ध्यापर्यंत पुरवून खाल्ली. वैशाखातला मुहूर्त बघावा.

आम्ही आंबाडी केली नव्हती. आमचा डबा चार पुडाचा होता आणि तो फडताळात समोर दिसत होता. बाबांनी हातातला डबा उलटा केला. बुडावर भांडेवाल्यानं ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: सौ. पार्वती. पार्वतीकाकू म्हणजे मागच्या ओळीतल्या पार्सल ऑफिसच्या क्लार्कची बायको, ताईच्याच वयाच्या वासंतीची आई. मग मला उमगलं. वासंतीचा मामा त्याच पॅसेंजरनं जायचा होता आणि ती त्याचा डबा घेऊन घड्याळाखाली उभी होती, कारण सावली तेवढीच तिथे. डबा हातात, घड्याळाखाली. सिरपूरकरांनी आणखी काय बघायचं? मामा त्या दिवशी उपाशी नागपूरला गेला असणार.

मला हसू आलं, पण आत्याला नाही आलं. आत्या विचार करत होती, आणि ती विचार करू लागली की घरात कुणाचं तरी लग्न व्हायचं. तिनं डबा हातात घेऊन बुडावरून अंगठा फिरवला. म्हणाली, पसंती तर आपल्याच पत्त्यावर आली आहे. त्यांनी पाहिलं ते खिडकीतून, घाईत. सुनंदी अन् ती पार्वतीची पोर, उंची सारखीच. लग्नात डोक्यावर पदर, मुंडावळ्या, कोण ओळखतं? जवसाची चटणी सुनंदी शिकून घेईल. मग ती आईला म्हणाली, ‘नाव तेवढं घासून टाक. राख अन् वाळू घे, निघते.’

बाबा ‘पाहू’ म्हणाले. ताई उठून आत गेली आणि आतून उशीचा अभ्रा सरकल्याचा आवाज आला. मला पहिल्यांदाच भीती वाटली. गाडी चुकवायची म्हणून फळा लिहिला तो मी, आणि त्या फळ्यानंच ताईला लाडूंसकट पसंती आणून दिली होती. मी गप्प बसले असते तर ताईनं नुसता नकार ऐकला असता, असंही असेल. आत्ताही मला ते नक्की सांगता येत नाही.

आईनं आत्याच्या हातातून डबा घेतला. म्हणाली, ‘आता अंधारात काऊन घासू? सकाळी घासतो.’ लाडू तसेच आत ठेवून तिनं झाकण लावलं, कडी अडकवली आणि डबा अंगणात भांडी घासायच्या दगडावर नेऊन ठेवला. शेजारी राखेचं मडकंही ठेवलं, आत्याला दिसेल असं. भरलेला डबा कुणी घासायला ठेवतं का, हे आत्याच्या लक्षात आलं नाही. स्वयंपाकाचं तिला चवीपलीकडे काही माहीत नव्हतं.

इथे एक सांगून टाकते. ताईनं पुढे तीस वर्षं अहेरीकडच्या शाळांत शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाली. वाघ दोनदा पाहिला. ती आजही सगळ्यांना सांगते की माझं पहिलं स्थळ रेल्वेच्या उशिरामुळे गेलं. रेल्वे बिचारी त्या दिवशी अगदी वेळेवर होती. आता त्या दारात फळा नाही, लाल अक्षरांची विजेची पाटी आहे आणि तिच्यावरून फ्रॉक फिरवून काही पुसता येत नाही. परातीतले जवस गार झाले आहेत, म्हणून उरलेलं लवकर लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली मालगाडी गेली तेव्हा आईनं मला उठवलं. आत्या घोरत होती. आईनं हातात दुधाचं भांडं दिलं आणि म्हणाली, ‘दूध आनाले मागच्या ओळीवरून जाय.’ गवळी पुढच्या ओळीत राहायचा. दगडावरचा डबा उचलला, दुधाचं भांडं शेळीजवळ ठेवलं आणि निघाले. वाटेत पाण्याच्या टाकीखाली थांबून एक लाडू खाल्ला. ती माझी मजुरी होती आणि मी ती जास्त घेतली असं मला वाटत नाही.

दार वासंतीनंच उघडलं. केस धुतलेले, हातात कंगवा. मी तोंडात जुळवून आणलेलं वाक्य बोलणार होते की गार्डनं चुकून आमच्याकडे दिला वगैरे, पण तिनं डबा पाहिला आणि तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं आधी मागे वळून पाहिलं, पार्वतीकाकू मोरीत होत्या. मग हळूच म्हणाली, ‘पाच दिवस लागले?’

मी म्हटलं, तुला माहीत होतं?

‘तो पोरगा सोता खाली उतरला होता,’ वासंती म्हणाली. ‘म्हने, डबा आमचाच ना? मी त्याच्याकडे पाह्यलं. मंग म्हटलं, हाव.’

तिनं कडी काढली, झाकण उघडलं आणि लाडवांच्या रांगेतल्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग माझ्या ओठांवरचं बेसन तिनं पदराच्या टोकानं पुसलं आणि आत तोंड करून, अगदी साध्या आवाजात, हाक मारली, ‘माय, आपला डबा आला.’